दादाच्या गाडीचा मागचा एक्सल

आमच्या घरात दोन वर्षं दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्या दोघांच्या मधलं बोलायचं काम माझ्याकडे होतं. एक आबा, म्हणजे माझे वडील, आणि दुसरा दादा, माझा थोरला भाऊ वसंत. कणकवलीजवळच्या नांदगावात हायवेला लागून आमचं गॅरेज, आणि दोघं त्याच गॅरेजात, एकाच ट्रकखाली, कधी कधी तर एकाच चाकाच्या दोन अंगांना बसून काम करायचे. आबा म्हणायचे, "बाये, तुझ्या भावाक सांग, अठरा-एकोणीसचो पानो दी." दादा हातभर लांब असायचा. तरी मी सांगायचे. दादा म्हणायचा, "तेंका सांग, तेंच्याच गुडघ्याखाली आसा." मी तेही सांगायचे. पाना खरंच आबांच्या गुडघ्याखालून निघायचा. गिऱ्हाइकं हसायची. पहिले पंधरा दिवस मीही हसले. मग मला त्या दोघांचा जो वीट आला, तो आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी जिभेवर आहे.

भांडण म्हणाल तर एवढंसं. एका टेम्पोच्या मागच्या चाकाचे नट आवळायचे दादाकडून राहून गेले. आबांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. पण आबांनी गिऱ्हाइकासमोर, ग्रीसने माखलेल्या हाताने, त्याच्या थोबाडीत दिली. दादा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याने साबणाने तोंड धुतलं, आत येऊन जेवला, संध्याकाळपर्यंत काम केलं, आणि त्या दिवसापासून आबांशी एक शब्द बोलला नाही. आबांनीही बोलवून घेतलं नाही. दोघांचा ताठा एकाच मापाचा. मी गॅरेजात आले ती अशी, निरोप न्यायला. पाना नंतर हातात आला.

घर गॅरेजच्या मागेच होतं. मध्ये सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, त्यात एका बाजूला तुळस आणि दुसऱ्या बाजूला गळके इंजिन ब्लॉक. आईला, म्हणजे आमच्या आयेला, त्या ब्लॉकांचा भारी राग. उन्हाळ्यात मात्र ती त्यांच्यावरच कोकमाची सोलं वाळत घालायची. सकाळी आठला आम्हाला पेज मिळायची, उकड्या तांदळाची, बरोबर भाजलेला सुका बांगडा नाहीतर खाराची मिरची. दुपारी कुळथाची पिठी आणि भात, असेल त्या दिवशी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं. हात कितीही घासले तरी घासाला डिझेलचा वास यायचा. मला वाटतं मी वीस वर्षांची होईपर्यंत भाताचा खरा वास मला ठाऊकच नव्हता. त्या काळात रेल्वेचं काम चालू होतं, जांभा दगडाचे चिरे आणि खडी भरून दिवसभर ट्रक धावत. त्यांच्या स्प्रिंगांचे पाटे मोडत, एक्सल मोडत, आणि आमच्या दारात रांग लागे. कॉम्प्रेसरचा धडधडाट, घणाचे ठोके, त्यात आयेची हाक. कोणी माणूस हळू बोलतो हे मला बाहेरगावी गेल्यावरच कळलं.

जेवायला मात्र दोघं समोरासमोर बसत. आबा मान वर न करता म्हणत, "वसंताचो भात संपलो, वाढ गो तेका." हे आयेला. दादा म्हणे, "आबांका कढी वाढ." हेही आयेलाच. आये दोघांनाही वाढायची आणि दोघांपैकी कोणाचं काही ऐकून घ्यायची नाही. "माका तुमचे निरोप नको, माका ताटा लवकर रिकामी करून देवा," असं ती म्हणायची. शहाणी होती. मी तिच्यासारखं पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

दादाची गाडी त्याच सुमाराला आली. गोव्याच्या भंगारातून आणलेली, लांब नाकाची, मागची चाकं फिरवणारी जुनी गाडी. दादाने तिचं मूळचं इंजिन काढलं आणि दुप्पट ताकदीचं बसवलं. त्याला चार महिने लागले. गॅरेजचं काम संपलं की तो तिच्यात शिरायचा. आबा जाता-येता बघायचे, बोलायचे नाहीत, पण एकदा दादा नसताना त्यांनी इंजिनवर हात ठेवून मला ते चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. "बरा बसयल्यान," एवढंच म्हणाले. हा निरोप मी नेला नाही. नेण्यासारखा तो एकच होता, पण कोणी ने म्हणून सांगितलं नव्हतं, आणि मला न सांगता काही करायची सवय राहिली नव्हती.

इंजिन बरं बसलं, पण मागचा एक्सल त्या ताकदीचा नव्हता. पहिल्याच चढाला दादाने जोरात क्लच सोडला आणि डावा शाफ्ट, म्हणजे मधल्या गिअरपासून चाकापर्यंत जाणारा लोखंडी दांडा, पिळवटून मोडला. दुसरा घातला, तो आठ दिवसांत गेला. आता जास्त मजबूत काहीतरी निवडायला हवं होतं, आणि लवकर. कारण गोव्याच्या काही हौशी लोकांनी घाटात गाड्यांची चढण-शर्यत ठेवली होती, आणि त्यांच्यातल्या एका गॅरेजवाल्याने दादाला सांगितलं होतं, गाडी नीट वर आण, मी तुला कामावर घेतो. दादाला घरातून बाहेर पडायचं होतं. त्याचं सगळं आयुष्य त्या दोन शाफ्टांवर येऊन थांबलं होतं, असं त्याला वाटत होतं.

आबांचं म्हणणं वेगळं. त्या गाडीच्या एक्सलात शाफ्टच चाक फिरवतो आणि शाफ्टच गाडीचा भार धरतो. तो बेअरिंगपाशी मोडला की चाक घेऊनच बाहेर येतो. ट्रक-टेम्पोचा एक्सल तसा नसतो. तिथे भार बाहेरच्या जाड नळीवर, ज्याला आम्ही हाऊसिंग म्हणतो, आणि शाफ्टने फक्त फिरवायचं. फुल फ्लोटिंग म्हणतात त्याला. शाफ्ट मोडला तर गाडी थांबते, चाक जागच्या जागी राहतं. आबांनी चिरे वाहणाऱ्या एका लहान टेम्पोचं अख्खं हाऊसिंग मिळवून आणलं. मासळीच्या गाडीचं ते कधीच घ्यायचे नाहीत. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं एक्सलवर ठिबकत राहतं, आणि ग्रीसखाली लोखंडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. आबा नखाने शोधायचे. आणलेलं हाऊसिंग त्यांनी तीन वेळा धुतलं आणि नखाने टोकापर्यंत तपासलं. एका शब्दाने न बोलणाऱ्या मुलासाठी.

दादाला ते नको होतं. जड होतं. त्याने मोठ्या गाडीचे जाडजूड शाफ्ट आणले आणि कणकवलीच्या बाजारामागे युसूफचाचांच्या लेथवर नेऊन आखूड करून घेतले, टोकाला नवे दाते पाडून घेतले. युसूफचाचा आबांचे जुने दोस्त, हाताने काटेकोर आणि तोंडाने स्पष्ट. मी शाफ्ट आणायला गेले तेव्हा त्यांनी मला लेथपाशी बसवून चहा पाजला आणि सांगितलं, "शालन, ह्येची वरची साल कडक आसता, आत लोखंड मऊ. मी साल काडलंय. आता कडक करूक ह्येका परत तापवन पाणी देवक व्हया, कोल्हापुराक धाडा. पंधरा दिस लागतले. तसोच घातलो तर गुळासारखो तुटात." मी हे दादाला सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. दादा म्हणाला, शर्यत दहा दिवसांवर आहे.

मग सुरू झालं. आबा म्हणत, "तेका सांग, पाणी दिल्याशिवाय ते शाफ्ट घालूचे नाय. माझा हाऊसिंग घाल म्हणा. शाफ्ट तुटलो तरी चाक ऱ्हवतला." मी खळं ओलांडून जायचे. दादा म्हणे, "तेंका सांग, तीस किलो मागे बांधून तेनी घाट चढून दाखवक होयो." मी परत. "तेका सांग, जीव रवलो तर घाट." मी परत. दिवसातून चार-पाच वेळा. शब्द माझ्या तोंडातून जात होते आणि प्रत्येकाचा राग आधी माझ्यावर निघत होता. मी बेअरिंगात ग्रीस भरत असायचे, तर तेवढ्यात हाक. पेज पितेय, तर हाक. मी काय होते त्या घरात? माझं लग्न जमवायची गोष्ट कोणी काढत नव्हतं, कारण मी गेले तर ह्यांचं बोलणार कोण.

हल्ली माझ्याकडे चाळिशीतली माणसं मोठ्या गाड्या घेऊन येतात. आता हायवे चौपदरी झालाय, घराचं खळं त्यात गेलं, गॅरेज मागे सरकलं. फोनवर चित्र दाखवून म्हणतात, ताई, हा जास्त ताकदीचा शाफ्ट मागवू का? मी चित्र बघत नाही. मी विचारते, हा तुटला तर चाक कुठे जाणार? ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. बाईला काय कळतंय, असा एक भाव असतो, तो ओळखायला मला आता चष्मा लागत नाही. बघा बापडे. माझा प्रश्न बदलत नाही.

तर त्या दिवशी आबा देवबागला निघाले होते. तिथल्या एका होडीचं इंजिन बंद पडलं होतं, दोन दिवसांचं काम. हत्यारांची पेटी बांधून झाली आणि त्यांनी मला बोलावलं. "तेका शेवटचा विचार. माझा हाऊसिंग घालतलो काय नाय? मी इचारतंय म्हणान सांग." हे नवीन होतं. आबा कधी विचारत नसत, सांगत. मी गेले. दादा गाडीखाली होता. मी त्याच्या पायांशी उभी राहिले आणि माझ्याने ते शब्द उच्चारवेनात. मला माहीत होतं तो काय म्हणणार, मग आबा काय म्हणणार, मग परत तो. दुपारचं ऊन, पायाखाली तापलेली जमीन. मी तिथेच उभी राहून मनातल्या मनात दोन्ही बाजूंचं बोलून घेतलं.

"काय म्हणतत?" गाडीखालून दादाने विचारलं.

"म्हणतत, तुझ्या मनासारखा कर."

गाडीखाली सगळं थांबलं. दादा सरपटत बाहेर आला, कोपरांवर टेकून माझ्याकडे बघत राहिला. "असा म्हणाले?"

"व्हय."

आबांकडे गेले आणि म्हटलं, "ऐकता म्हणालो. तुमचाच घालता." आबांनी पेटी उचलली. जाताना आयेला म्हणाले, "देवबागसून सरंगे गावले तर हाडतंय." आबा कधी सरंग्यासारखा महाग मासा आणत नसत, बांगड्यावर समाधान असे. एसटीकडे जाताना ते शीळ घालत होते. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गप्प बसायला मिळालं ह्याचंच मला इतकं सुख झालं की मी खळ्यात बसून राहिले आणि आयेने दोनदा हाक मारली तरी उठले नाही.

दोन दिवसांत दादाने स्वतःचे शाफ्ट घातले. घाटात नेऊन दोन जोरकस फेऱ्या मारून आला, खूश होता. मी आबांचं हाऊसिंग लपवायला गेले, ते हलेना, म्हणून वर गोणपाटं टाकली. आणि आबांनी मागची चाकं बघू नयेत म्हणून चारही चाकांना मीच जुनी चकचकीत झाकणं बसवली. दादा म्हणाला, ही थेरं कशाला? मी म्हटलं, बरी दिसतात.

आबा सरंगे घेऊन आले. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी जरा थांबले, आत येऊन हात धुतले. मासे चांगले झाले होते. मी माझा तुकडा दादाच्या ताटात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा घाटात जायच्या आधी, गाडीपुढे नारळ ठेवायचा होता. आधीच्या फेऱ्या नुसत्या चाचणीच्या; आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवीन गाडी मोठ्या कामाला बाहेर काढत नाहीत, आणि गाऱ्हाणं घालतो घरचा कर्ता पुरुष. गाऱ्हाण्यात माणूस देवाशी बोलतो, त्यामुळे कोणी कोणाशी अबोला धरला असला तरी चालतं. आबांनी नारळ हातात धरला आणि दादाच्या समोर उभं राहून दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याबद्दल मोठ्याने बोलले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान आपल्या हातान ही गाडी उभी केल्यान आसा, ती तुझ्या पायाकडे हाडललंव. तेच्या कष्टाक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"कोणाकडसून काय चुकला-माकला आसात, कोणाचो शब्द हयचो थय झालो आसात, ता सगळा पोटात घाल, आणि लेकरांची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आये आणि दादा म्हणाले. माझा आवाज मागून आला.

नारळ फुटला. आबांनी धोतराला हात पुसले, गाडीचं डावं दार उघडलं आणि आत बसले. दादा थक्क. "आबा येतत?" त्याने मला विचारलं. मी आबांना विचारलं. "सांग तेका, येतंय म्हणान. माका फिरवन हाड."

मी तेवढंच दादाला सांगितलं. बाकीचं बोलायलाही तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, पण काय सांगणार होते, कोणाला?

आमच्या दारातून रस्ता अर्ध्या मैलावर एका चढावरून वळतो, तिथपर्यंतचं सगळं दिसायचं. गाडी हळूहळू गेली. इतकी हळू, की आये म्हणाली, "ह्यो असो शर्यत जिकतलो?" वळणापलीकडून इंजिनचा आवाज येत राहिला, एकसारखा, मऊ. पाऊण तासाने ती परत दिसली, उतारावरून येताना, तेवढीच हळू. आणि माझ्या डोळ्यांसमोर मागचं डावं चाक गाडीपासून सुटलं. झाकण उन्हात चमकत चाक गाडीच्या पुढे पळालं आणि काजूच्या बागेत शिरलं. गाडी त्या बाजूला टेकली, घासत गटारात गेली आणि जांभ्याच्या दरडीला टेकून थांबली. आबांच्या बाजूने.

दादाला खरचटलंही नव्हतं. आबांचं गळ्याखालचं हाड आणि डावा दंड मोडला. तो हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. युसूफचाचा कणकवलीच्या दवाखान्यात भेटायला आले ते मोडलेल्या शाफ्टचा तुकडा बघूनच. अर्धी चीर काळी पडलेली, अर्धी ताजी चमकती. म्हणाले, भेग आदल्या फेरीतच पडली होती, आज गाडी घाटात जोरात नेली असती तर चाक तिथल्या वळणावर सुटलं असतं, आणि तिथे दरड नाही, दरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या खाटेपाशी एकटी होते. आये घरी गेली होती, दादा बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून होता, आत येत नव्हता.

"चाकांका झाकणा तू लावलंस?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"फुल फ्लोटिंगच्या हबार झाकण बसता?"

बसत नाही. तो हब चाकाच्या बाहेर मूठभर येतो. असल्या कितीतरी हबांत मी ग्रीस भरलं होतं. लपवायच्या नादात मला ते सुचलंच नाही. ज्या चाकावर झाकण सपाट बसतं, त्याच्या आत काय आहे हे आबांना वाकून बघायची गरजच नव्हती.

"म्हणजे तुमका ठावक होता," मी म्हटलं. "मग बसलात कित्याक?"

आबा थांबून थांबून बोलले, त्यांना श्वास घेताना दुखत होतं. "माझा तो ऐकाचो नाय. अडवलंय आसतंय तर दुप्पट जोरान गेलो आसतो. पण म्हाताऱ्याक बाजूक बसवन तो जोरात जावचो नाय, इतक्या माका ठावक होता."

मी रडले. चुकलं माझं, म्हटलं. आबा म्हणाले, "चुकला. आता भायर जा आणि मी काय सांगलेलंय ता तेका खरा खरा सांग."

"तुमीच सांगा ना, आबा."

"मी सांगलंय तर ती तुझी चहाडी होतली. तुझ्या तोंडान सांग. ह्यो शेवटचो निरोप. ह्याच्याफुडे माझो एक शब्द तू खंय न्हेवचो नाय."

मी व्हरांड्यात गेले आणि सांगितलं. वाटलं होतं दादा मारेल, ओरडेल. त्याने शाफ्टचं, झाकणांचं, आबा जाणून बसले त्याचं, सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "तुझ्या मनासारखा कर, असा ते म्हणालेच नाय?"

"नाय."

"एकदापण?"

"नाय, दादा."

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. गाडी मोडली, शर्यत गेली, गोव्याचं काम गेलं, त्याचं त्याला काहीच नव्हतं. दोन वर्षांनी बापाने 'कर' म्हटलं, ह्या एका शब्दावर त्याने ते शाफ्ट बसवले होते, आणि तो शब्द माझा होता, मी कंटाळून टाकलेला. तो मग उठला, चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेला.

मी बाकावर राहिले. थोड्या वेळाने आतून बोलणं ऐकू आलं. आधी एक आवाज, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. शब्द कळत नव्हते आणि मी कान दिला नाही. मला कोणी हाक मारली नाही. सकाळची दहाची वेळ, व्हरांड्यात माणसांची ये-जा, कोणाचं पोर रडत होतं. मी भिंतीला डोकं टेकलं आणि तिथेच, बसल्या जागी, मला गाढ झोप लागली.